एलसीडीच्या काचेवर मखमल का घासतात? खाचा की साखळ्या?

काचघर (धागाकर्ता)

घड्याळ, कॅलक्युलेटर, लॅपटॉप, हॉलमधला टीव्ही, एलसीडी कुठलाही घ्या, त्याच्या पोटात दोन काचा असतात आणि आजवर बनलेल्या एलसीडींपैकी खूप मोठ्या हिश्श्यात या काचांच्या आतल्या बाजू कारखान्यात चक्क कापडाने घासलेल्या असतात. रेयॉनचं किंवा सुती, मखमलीसारखी लव असलेलं कापड रोलरला गुंडाळायचं, रोलर मिनिटाला हजारेक फेऱ्यांनी फिरवायचा आणि त्याच्याखालून काच हळूहळू सरकवायची, बस. याला म्हणतात रबिंग. ज्या इमारतीत धुळीचा कण नको म्हणून माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून फिरतात, जिथे मायक्रॉनमध्ये मोजून ट्रान्झिस्टर छापतात, तिथेच मधल्या एका टप्प्यावर कापड घासणं चालू असतं आणि हे कित्येक दशकं चाललंय. मला हे फार विलक्षण वाटतं आणि त्याहून विलक्षण म्हणजे ते नेमकं का चालतं हे समजायला लागलेला वेळ, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिक्विड क्रिस्टलचे रेणू काडीसारखे, साधारण दोन नॅनोमीटर लांब आणि अर्धा नॅनोमीटर जाड. नेमॅटिक अवस्थेत ते द्रवासारखे वाहतात पण सगळे अंदाजे एकाच दिशेला तोंड करून असतात. आता ही दिशा कुठली, याच्याशी द्रवाला स्वतःला काही देणंघेणं नसतं. उत्तर-दक्षिण काय नि पूर्व-पश्चिम काय, ऊर्जा तीच. म्हणून दिशा बाहेरून सांगावी लागते आणि ते काम काचेचा पृष्ठभाग करतो. डिसेंबर १९७० मध्ये बासेलच्या हॉफमन-ला रोशमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी ट्विस्टेड नेमॅटिक (टीएन) डिस्प्लेचं पेटंट दाखल केलं, त्याची सगळी मदार यावरच होती की खालच्या काचेपाशी रेणू एका दिशेला झोपले पाहिजेत आणि वरच्या काचेपाशी त्याला काटकोनात. मग मधले थर हळूहळू वळत जातात, प्रकाशाचं पोलरायझेशन, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, त्यांच्याबरोबर ९० अंश वळतं आणि प्रकाश दुसऱ्या पोलरायझरमधून (एकाच दिशेची कंपनं जाऊ देणाऱ्या पट्टीतून) बाहेर पडतो. व्होल्टेज दिलं की रेणू उभे होतात, वळण मोडतं, अंधार. १९७३ ला सेकोचं सहा आकड्यांचं एलसीडी घड्याळ आलं ते याच तत्त्वावर.

काचेवर थेट घासूनही थोडंफार जमतं, फ्रान्समध्ये मोगँनी १९११ च्या सुमाराला आणि नंतर शातलँनी १९४० च्या दशकात घासलेल्या काचेवर रेणू ओळीत बसतात हे पाहिलेलं होतं. पण कारखान्यात टिकाऊ काम हवं तर काचेवर पॉलिमरचा थर देतात, जवळजवळ नेहमी पॉलिइमाइडचा. पॉलिअ‍ॅमिक अ‍ॅसिडचं द्रावण पातळ पसरवायचं, ८० अंशाच्या आसपास वाळवायचं, मग दोनशेच्या आसपास भाजायचं, उरतो ५० ते १०० नॅनोमीटरचा पिवळसर कडक थर. हा घासला की रेणू घासल्याच्या दिशेनेच झोपतात.

का? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं की कापडाने बारीक खाचा पडतात आणि काडीसारखे रेणू त्या खाचांत बसतात. माझं म्हणणं असं की पॉलिइमाइडच्या बाबतीत हे मुख्य कारण नाहीच. खरं काम करतात ताणल्या गेलेल्या पॉलिमरच्या साखळ्या, त्याही वरच्या काही नॅनोमीटरमधल्या. पुरावे खाली चर्चेत मांडतो, आधी तुमचं ऐकायला आवडेल.

सांजवेळ

वाचतेय. खूपच रोचक. मी विज्ञानाची नाही त्यामुळे प्रश्न भाबडा वाटेल. खाचा म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणात बोटांच्या रेषा उठतात तशा का? आणि रोज फोनचा, टीव्हीचा स्क्रीन आपण कापडाने पुसतो, कसाही गोल गोल, त्याने आतलं काही बिघडत नाही?

काचघर

@सांजवेळ, हो, खाचांची कल्पना अगदी तशीच आहे, म्हणून तर ती सगळ्यांना लगेच पटते. आणि स्क्रीन बिनधास्त पुसा. घासलेला थर काचेच्या आतल्या अंगाला असतो, लिक्विड क्रिस्टलला चिकटून, तुमचं कापड बाहेरच्या पोलरायझरवर किंवा त्याच्याही वरच्या काचेवर फिरतं. बाहेरून घासून आतल्या दिशेवर शून्य परिणाम. फक्त लॅपटॉपवर बोट जोरात दाबू नका. दाबल्यावर जो रंगीत डाग पसरतो तो म्हणजे दोन काचांमधलं अंतर बदलून रेणू हललेले असतात. बोट काढलं की डाग जातो कारण दोन्ही पृष्ठभाग आपापली दिशा सोडत नाहीत आणि मधल्या रेणूंना परत ओढून आणतात.

त्रिज्या

धागा आवडला पण विधान मला इतक्या सहज मान्य नाही. बेरमनचं काम आहे ना, १९७२, बेल लॅब्ज. त्याने सरळ गणित मांडलं की पृष्ठभाग लाटांसारखा वरखाली असेल आणि रेणू पृष्ठभागाला टेकून राहत असतील तर खाचांच्या आडवे झोपल्यावर त्यांना प्रत्येक लाटेवर वाकावं लागतं, वाकायला ऊर्जा लागते, खाचांच्या लांबीने झोपलं तर वाकायची गरजच नाही. म्हणून खाचांच्या दिशेने झोपणं स्वस्त पडतं. यात कुठे चूक आहे? आणि ग्रेटिंगवर, म्हणजे समान अंतरावर मुद्दाम कोरलेल्या खाचांवर, रेणू ओळीत बसतात हे प्रयोगात दिसलेलं आहे.

काचघर

@त्रिज्या, चूक कुठेच नाही, बेरमनचं गणित बरोबर आहे आणि फार सुंदर आहे. व्यवस्थित कोरलेल्या ग्रेटिंगवर त्याचा परिणाम होतो यात वादच नाही. प्रश्न एवढाच की घासलेल्या पॉलिइमाइडवर त्याचा वाटा किती.

आकडे घालून बघू. त्याच्या सूत्रात पकड खाचेच्या खोलीच्या वर्गाने वाढते आणि दोन खाचांमधल्या अंतराच्या घनाने कमी होते, पुढे एक गुणक, दोन गुणिले पायचा घन, म्हणजे साधारण ६२, आणि लिक्विड क्रिस्टलचा लवचिकतेचा स्थिरांक, तो साधारण १० पिकोन्यूटन. घासलेल्या थराचा एएफएम फोटो (सूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपून काढलेला) काढला तर उंचसखलपणा नॅनोमीटरच्या घरात असतो. समजा खोली १ नॅनोमीटर आणि अंतर १०० नॅनोमीटर. उत्तर येतं एका चौरस मीटरला ०.६ मायक्रोज्यूल. आणि चांगल्या घासलेल्या पॉलिइमाइडवर मोजलेली पकड, म्हणजे रेणूंना पृष्ठभागावर आडव्या आडवंच फिरवायला लागणारी ऊर्जा, १० ते १०० मायक्रोज्यूल. दहापट ते शंभरपटीहून जास्त फरक आहे. खाचा खोल आणि दाट धरल्या तर आकडा वर नेता येतो, पण मग तशा खाचा फोटोत दिसायला हव्यात ना. उलट अगदी हलकं घासलं, फोटोत एकही ओरखडा नाही, तरी रेणू ओळीत.

त्रिज्या

आकडे पटले. पण हा पुरावा "खाचा पुरत नाहीत" एवढंच सांगतो. साखळ्यांमुळेच होतं याचा थेट पुरावा हवा.

काचघर

रास्त मागणी. माझ्या मते सगळ्यात जोरकस पुरावा पॉलिस्टायरिनचा. काचेवर पॉलिस्टायरिनचा थर द्या, त्याच कापडाने घासा, ओरखडे उठलेच तर घासल्याच्या दिशेनेच उठणार. आणि रेणू झोपतात कसे? घासल्याच्या दिशेला काटकोनात! खाचांच्या हिशेबात याला जागाच नाही. साखळीच्या हिशेबात मात्र अगदी सरळ उत्तर आहे. पॉलिस्टायरिनच्या मुख्य साखळीला बाजूला बेंझिनची कडी लटकलेली असतात, साखळी घासल्याच्या दिशेने ताणली की ही कडी आडवी येतात आणि लिक्विड क्रिस्टलचे रेणू, ज्यांच्यात स्वतःला बेंझिनची कडी असतात, ते या आडव्या कड्यांशी जुळवून घेतात. पॉलिइमाइडमध्ये तीच कडी मुख्य साखळीतच ओवलेली असतात, म्हणून तिथे रेणू साखळीच्या दिशेने झोपतात.

दुसरं म्हणजे १९८७ मध्ये बेल लॅब्जच्याच गिअरी, गुडबी, केमेट्झ आणि पटेल यांनी वेगवेगळे पॉलिमर घासून पाहिले आणि निष्कर्ष काढला की ज्या पॉलिमरच्या साखळ्या घासल्यावर ओळीत येऊ शकतात तेच रेणूंना दिशा देतात. तिसरं, १९९५ मध्ये नेचरमध्ये आयबीएमच्या टोनी, रसेल आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी एक्स-रे पृष्ठभागाला जवळजवळ समांतर मारले. अशा तिरक्या कोनात एक्स-रे फक्त वरचे काही नॅनोमीटर बघतात, कोन थोडा वाढवला की खोलवरचं दिसतं. वरच्या भागात साखळ्या घासल्याच्या दिशेने स्पष्ट ओळीत होत्या, आतल्या भागात नव्हत्या.

आणि बर्कलीच्या वाय. आर. शेन यांच्या गटाने लेझरच्या सेकंड हार्मॉनिक पद्धतीने पृष्ठभागाला चिकटलेल्या लिक्विड क्रिस्टलच्या एकाच थराची दिशा मोजली, त्यावरून वरचा सगळा द्रव कसा झोपेल याचं भाकीत केलं आणि ते जुळलं. म्हणजे साखळी पहिल्या थराला दिशा देते, पहिला थर पुढच्याला, असं करत पाच मायक्रॉनपर्यंत. पाच मायक्रॉन म्हणजे रेणूच्या जाडीच्या हिशेबात दहा हजार थर, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

रसायनी

+१. पॉलिस्टायरिनचा मुद्दा निर्णायक आहे. रसायनाच्या अंगाने एक शंका मात्र राहते. डिस्प्लेच्या पॉलिइमाइडचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे कडक पॉलिमर मऊ पडून साखळ्या हलायला लागतात ते तापमान, बऱ्याचदा तीनशे अंशाच्या आसपास किंवा वर. रबिंग होतं खोलीच्या तापमानाला. एवढ्या कडक पदार्थाच्या साखळ्या कापडाने घासल्यावर हलतात कशा? घर्षणाने थर तापतो असं काहींचं म्हणणं असतं पण तीनशे अंश तापेल यावर माझा विश्वास बसत नाही, काच आणि थर दोन्ही उष्णता लगेच ओढून घेतात.

काचघर

@रसायनी, हाच प्रश्न त्या १९९५ च्या पेपरचा गाभा होता. दोन गोष्टी एकत्र येतात. एक, लवेचं टोक जिथे टेकतं तिथे जागा इतकी छोटी असते की दाब आणि ओढ दोन्ही प्रचंड होतात, पॉलिमर तिथे वितळत नाही तर यील्ड होतो, म्हणजे धातूची तार ओढल्यावर कायमची लांबते त्या प्रकारचं थंड विरूपण. दुसरं, पृष्ठभागावरच्या साखळ्यांना वरून कोणी दाबून धरलेलं नसतं, त्यांना आतल्या साखळ्यांपेक्षा हलायची मोकळीक जास्त असते. म्हणूनच ओळ वरच्या काही नॅनोमीटरमध्ये लागते आणि खाली गुंता तसाच राहतो. पण या दोन्हींचा नेमका वाटा किती, तो पॉलिमरच्या कडकपणानुसार बदलतो, एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही.

दक्षिणवारा

धागा बघून राहवलं नाही. मी तैवानात एका पॅनल कारखान्यात रबिंगच्याच सेक्शनला होतो, त्यामुळे कापडाची बाजू मी सांगतो.

बाहेरच्यांना वाटतं कापड घासणं म्हणजे काय मोठं काम. आमच्यासाठी पूर्ण लाइनमधला सगळ्यात बेभरवशाचा टप्पा तोच. रोलरची लव काचेत किती दाबायची हे मिलिमीटरच्या दशांशात ठरवतात, समजा ०.३ मिमी. ५० मिमी त्रिज्येचा रोलर असेल तर तेवढ्या दाबाने साधारण ११ मिमी रुंदीची पट्टी काचेला टेकते. रोलर मिनिटाला १००० फेऱ्या, म्हणजे कापडाचा वेग सेकंदाला सव्वापाच मीटर, आणि टेबल चालतंय सेकंदाला ३० मिमी. हिशेब करा, काचेच्या प्रत्येक बिंदूवरून जवळजवळ दोन मीटर कापड घासून जातं. रबिंगचा जोर आम्ही याच लांबीने बोलतो. कमी पडली तर पकड कमी, स्क्रीनवर जुन्या चित्राची सावली राहते. जास्त झाली तर थर सोलून निघतो, त्याचा चुरा होतो आणि तो चुरा आत राहिला की काळ्या भागात पांढरे ठिपके.

आणि स्थिर वीज! मखमल आणि पॉलिइमाइड एकमेकांवर एवढ्या वेगाने घासल्यावर जे व्होल्टेज तयार होतं ते काचेवरच्या टीएफटी, म्हणजे पिक्सेल चालू-बंद करणारे पातळ ट्रान्झिस्टर, जाळून टाकू शकतं. त्यासाठी आयनायझर, हवेतली आर्द्रता ठरावीक पट्ट्यात, सगळं वेगळं. घासून झालं की काच धुवायची, सुकवायची. हे सगळं करूनही सगळ्यात वाईट गोष्ट अशी की रबिंगचा दोष घासताना दिसतच नाही. पॅनल भरलं, सील झालं, दिवा लावला की मग आडव्या पुसट रेघा दिसतात, त्याला मुरा म्हणतात, आणि तोपर्यंत त्याच कापडाने पुढच्या कितीतरी काचा जाऊन झालेल्या असतात.

सांजवेळ

बापरे. आणि कापड किती टिकतं? बदलायची वेळ झाली हे कळतं कसं?

दक्षिणवारा

@सांजवेळ ताई, किती काचा झाल्या की बदलायचं हे प्रत्येक लाइन आपापल्या अनुभवाने ठरवते. नवीन कापड लावलं की लगेच कामाची काच देत नाहीत, आधी डमी काचांवर फिरवून लव बसवतात. लव वापरून वापरून एका बाजूला झोपते आणि जोर हळूहळू कमी होतो. कापडाची वीण, लवेची दिशा, रोलरला चिकटवताना जिथे दोन टोकं भेटतात तो सांधा, यातलं काहीही चुकलं तर त्याची खूण स्क्रीनवर उमटते. अनुभवी ऑपरेटर रोलरवरच्या कापडाकडे नुसतं बघून सांगायचे की हे आज त्रास देणार, आणि मला या लोकांबद्दल अतोनात आदर आहे.

अजून एक, काचेवर उंचवटे असतात. दोन काचांमधलं अंतर राखायला छोटे खांब उभारलेले असतात, इलेक्ट्रोडच्या पायऱ्या असतात. लवेचा केस खांबावरून उडी मारतो आणि खांबाच्या मागे घासायचं राहून जातं. तेवढ्या जागेत रेणू वाट्टेल तसे झोपतात आणि काळा रंग पूर्ण काळा होत नाही. पिक्सेल लहान होत गेले तशी ही जागा डोळ्यात खुपायला लागली.

करवीरकर

लै भारी माहिती हाय. माझा साधा प्रश्न, घासायची दिशा उलटी केली, म्हंजे डावीकडनं उजवीकडं न घासता उजवीकडनं डावीकडं, तर काय फरक पडतोय का? रेघ तर तीच राहणार की. खाच असली तरी तीच, साखळी ताणली तरी तीच.

काचघर

@करवीरकर भाऊ, साध्या प्रश्नात तुम्ही या विषयाच्या मर्मावर बोट ठेवलंत. फरक पडतो आणि फार मोठा पडतो.

रेणू पूर्ण सपाट झोपत नाहीत. लव ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेकडचं त्यांचं टोक किंचित वर उचललेलं राहतं. टीएन डिस्प्लेमध्ये हा कोन एखाद-दोन ते चार-पाच अंश असतो, याला प्रीटिल्ट म्हणतात. तो का लागतो बघा. व्होल्टेज दिलं की रेणूला उभं राहायचं असतं. तो अगदी सपाट झोपलेला असेल तर डावं टोक वर करू की उजवं, दोन्ही सारखंच. मग काही भागात एक टोक उठतं, काही भागात दुसरं, आणि दोन्ही भाग जिथे भेटतात तिथे दोषाची रेघ तयार होते, चित्र डागाळतं. प्रीटिल्ट असला की सगळे एकाच बाजूने उठतात.

आता हा कोन येतो कुठून? साखळी नुसती ताणली जात नाही, लवेच्या ओढीने ती पृष्ठभागाशी किंचित तिरकी होते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दिशेत फरक तयार होतो. पॉलिइमाइडच्या कड्यांचा हा असमान तिरकेपणा सिंक्रोट्रॉनवरच्या (अतिशय प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावरच्या) एक्स-रे शोषणाच्या प्रयोगांनी मोजलेला आहे. बेरमनच्या लाटा दोन्हीकडून सारख्या, त्यातून प्रीटिल्ट निघतच नाही. @त्रिज्या, हा अजून एक पुरावा समजा.

रसायनी

याला जोडून सांगतो. प्रीटिल्ट वाढवायचा असेल तर पॉलिइमाइडच्या साखळीला बाजूला लांब अल्काइल शेपट्या जोडतात. शेपट्या पृष्ठभागावर उभ्या राहतात आणि रेणूंना अजून उचलतात. एसटीएन (सुपर ट्विस्टेड नेमॅटिक) डिस्प्लेत, ज्यात वळण ९० ऐवजी २४० अंशांच्या आसपास, तिथे पाच-सहा अंश किंवा जास्त प्रीटिल्ट नसेल तर पट्टे पडतात, म्हणून त्याच्यासाठी पॉलिमरच वेगळा बनवावा लागला. शेपट्या भरपूर घातल्या तर रेणू सरळ ९० अंशात उभेच राहतात, व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) टीव्हीत तेच करतात. जपानच्या निस्सान केमिकल आणि जेएसआर या कंपन्यांनी या थराच्या रसायनात आयुष्यं घातली आहेत आणि बाहेर त्यांचं नाव कोणाला माहीतही नसतं.

त्रिज्या

प्रीटिल्टचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला, सममितीचा युक्तिवाद आहे, त्याला आकड्यांची गरजच नाही. आता पुढचं विचारतो. न घासता साखळ्यांना दिशा देता आली तर? म्हणजे खाचांचा प्रश्नच निकालात निघेल.

काचघर

देता येते आणि तेच आता मोठ्या प्रमाणावर चालू आहे, फोटोअलाइनमेंट. पोलराइज्ड अल्ट्राव्हायोलेट प्रकाश थरावर टाकायचा. पोलरायझेशनच्या दिशेला असलेल्या साखळ्या किंवा गट प्रकाश जास्त शोषतात, आणि रसायन कुठलं त्यावर ते तुटतात, जोडले जातात किंवा फिरतात. दिशा ठरली, कापडाचा स्पर्शही नाही. १९८८ मध्ये जपानमध्ये इचिमुरा यांनी अ‍ॅझोबेंझिनच्या एका थरावर प्रकाश टाकून वरचे सगळे रेणू उभे-आडवे करून दाखवले. १९९२ मध्ये परत तेच शाट, सिनामेट पॉलिमर घेऊन. ज्या माणसाने घासलेल्या काचांच्या भरवशावर टीएन काढला त्यानेच वीस वर्षांनी घासणं टाळायचा रस्ता दाखवला.

शार्पने २००९ मध्ये साकाईच्या कारखान्यात व्हीए पॅनलसाठी हे आणलं. तिथली मूळ काच जवळजवळ तीन मीटर बाय तीन मीटर. एवढ्या लांबीचा रोलर मधे वाकू न देता दशांश मिलिमीटरचा दाब सगळीकडे सारखा ठेवायचा म्हणजे काय, हे दक्षिणवारा जास्त चांगलं सांगतील.

अजून एक रस्ता, आयबीएमचा. भारतात जन्मलेले प्रवीण चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नेचरमध्ये दाखवलं की हिऱ्यासारख्या कार्बनच्या पातळ थरावर आयनांचा झोत तिरका मारला की रेणू ओळीत बसतात. तिथे लांब साखळ्याही नाहीत आणि खाचाही नाहीत. झोताच्या दिशेनुसार काही बंध मोडतात, काही राहतात, तेवढी असमानता पुरते. मला यातून असं दिसतं की साखळी हेही शेवटचं उत्तर नव्हे, पृष्ठभागावरच्या बंधांची सरासरी दिशा हे उत्तर, आणि साखळी ताणणं हा ती दिशा आणायचा एक रस्ता.

त्रिज्या

हे वाक्य धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं. पूर्ण सहमत.

दक्षिणवारा

@काचघर, लांब रोलर वाकतोच. मधे आणि कडांना दाब वेगळा पडतो आणि पॅनलच्या मध्यापासून कडेपर्यंत पकड बदलते. आयपीएसमध्ये (इन-प्लेन स्विचिंग) तर प्रीटिल्ट जवळजवळ शून्य हवा असतो कारण तिथे रेणूंना उठायचंच नसतं, आडवंच फिरायचं असतं. रबिंगने थोडा का होईना तिरकेपणा येतोच आणि मग बाजूने पाहिल्यावर काळा रंग राखाडी दिसतो. फोटोअलाइनमेंटने तो शून्यावर आणता येतो, म्हणून चांगल्या आयपीएस पॅनलमधून रोलर गेला. पण फोटोअलाइनमेंटची पकड सुरुवातीला कमी पडायची, जुनी प्रतिमा रेंगाळायची, रसायन सुधारायला बराच काळ गेला. साध्या मोनोक्रोम डिस्प्लेत, मीटर, घड्याळं वगैरे, अजून मखमलच आहे.

वऱ्हाडी_मास्तर

मी अकोल्याजवळ ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. हे मुलांना दाखवता येईल का? आमच्याकडे पॉलिइमाइड नाही, भट्टी नाही, पोलरायझर शीट आणि काचेच्या स्लाइड आहेत, केमिस्ट्रीच्या लॅबमधे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आहे. लिक्विड क्रिस्टल थोडं मिळू शकते, ५सीबी.

काचघर

@वऱ्हाडी_मास्तर सर, नक्की येईल आणि एवढ्यात फार छान होतं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं एक टक्का द्रावण गरम पाण्यात करा, स्वच्छ स्लाइडवर पातळ पसरवा, शंभर अंशाच्या जवळ वाळवा. मग मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा घासा, मागे-पुढे नाही, उचलून परत त्याच बाजूने. दुसरी स्लाइड तशीच, पण एकमेकांवर ठेवताना घासल्याच्या दिशा काटकोनात. मधे पातळ प्लास्टिक फिल्मच्या दोन पट्ट्या, कडांना क्लिप. ५सीबीचा थेंब कडेला लावला की आपोआप आत ओढला जातो.

एक महत्त्वाचं, भरताना स्लाइड थोड्या गरम असू द्या, चाळीस अंश पुरे. थंड असताना भरलं तर द्रव ज्या दिशेने वाहत गेला त्या दिशेची खूण राहते आणि घासल्याचा परिणाम झाकला जातो. नंतर दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवून मधे ही सेल धरा, उजळ दिसेल. हेअर ड्रायरने गरम करा, पस्तीस अंशाला ५सीबी साधा द्रव होतो, काळोख. गार होऊ द्या, परत उजळ. रेणू पूर्ण विस्कटले होते तरी पृष्ठभागाने त्यांना परत त्याच दिशेला आणलं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

वऱ्हाडी_मास्तर

हे तर लवकरच करतो. पण सर, पस्तीस अंश म्हणता, आमच्याकडे मे महिन्यात सावलीत पंचेचाळीस असते. तवा ड्रायरची गरजच नाही, उलट बर्फाच्या पिशवीवर ठेवून दाखवा लागंल.

काचघर

अगदी बरोबर, आणि ती अडचण खरीखुरी होती. १९७३ मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठाच्या जॉर्ज ग्रे यांनी ही सायनोबायफेनिल कुटुंबं जाहीर केली तेव्हा ती रंगहीन आणि टिकाऊ म्हणून गाजली, पण एकटं ५सीबी साधारण २३ ते ३५ अंशांतच नेमॅटिक. म्हणून चार प्रकारच्या रेणूंचं ई७ नावाचं मिश्रण बनवलं ते साठ अंशाच्या जवळपर्यंत चालतं. गाड्यांच्या डॅशबोर्डची मिश्रणं त्याच्याही खूप वर जातात. तुम्ही हिवाळ्यात करा, सकाळच्या तासाला.

त्रिज्या

@काचघर, पॉलिस्टायरिनचा काटकोनाचा प्रयोगही शाळेच्या साधनांत बसवता येईल का? मुलांनी खाचा की साखळ्या याचा निकाल स्वतः लावला तर त्याहून चांगलं काय.

काचघर

बसेल. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिनच. त्याचा छोटा तुकडा टोल्युइनमध्ये विरघळवा, हे फ्यूमहूडमध्ये किंवा उघड्या हवेत आणि फक्त मास्तरांनी करायचं, मुलांनी नाही. पातळ द्रावणात स्लाइड बुडवून सरळ वर काढा, पूर्ण वाळू द्या. आता एक स्लाइड पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची आणि दुसरी पॉलिस्टायरिनची घ्या, दोन्ही घासा आणि यावेळी काटकोनात न ठेवता दोन्हींच्या घासल्याच्या दिशा समांतर ठेवा. पोलरायझर एकमेकांना काटकोनात, पॉलिव्हिनाइलची स्लाइड पहिल्या पोलरायझरकडे आणि त्याची दिशा घासल्याच्या दिशेला समांतर.

खाचांचं म्हणणं खरं असेल तर दोन्हीकडे रेणू एकाच दिशेला, मधे वळण नाही, सेल काळी दिसायला हवी. साखळ्यांचं खरं असेल तर पॉलिस्टायरिनपाशी रेणू आडवे, मधे ९० अंशांचं वळण, सेल उजळ. पट्ट्या थोड्या जाड घ्या, वीस मायक्रॉनच्या आसपास, कारण पॉलिस्टायरिनची पकड कमकुवत असते आणि अंतर कमी असेल तर समोरची काच तिला ओढून घेते. भरताना जेमतेम चाळीस अंशावर न्या, फार वेळ गरम ठेवू नका, नाहीतर ५सीबी पॉलिस्टायरिनच्या थरात मुरायला लागतं.

वऱ्हाडी_मास्तर

समजा उजळ दिसली पण मधे मधे काळ्या वाकड्या रेघा असल्या तर? मुलं पहिले तेच विचारतील.

काचघर

त्या रेघा येण्याचीच शक्यता जास्त आहे, त्यामुळे विचारू द्या. बरोबर ९० अंश वळायचं असलं की डावीकडून वळा किंवा उजवीकडून, दोन्ही सारखंच स्वस्त. काही भाग डावीकडून वळतात, काही उजवीकडून, आणि ते भेटतात तिथे ती रेघ. कारखान्यात हे टाळायला लिक्विड क्रिस्टलमध्ये किंचित किरल द्रव्य (ज्याचे रेणू डाव्या किंवा उजव्या हातासारखे एकाच बाजूचे असतात) मिसळतात, म्हणजे सगळे एकाच बाजूने वळतात. तुमच्या सेलमध्ये मिसळू नका, रेघा राहू द्या. भिंगाखाली बघितलं तर रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळ दिसतील, पण वरचा पोलरायझर चार-पाच अंश फिरवला की एक बाजू दुसरीपेक्षा गडद होते, आणि उलट फिरवला की दुसरी. जाड सेलमध्ये हा फरक फार नाजूक असतो, त्यामुळे खोलीत अंधार करा आणि मागे एकाच रंगाचा दिवा ठेवा, सोडियमचा असेल तर उत्तम.